वण पाडणारी केसगळती : उपचार, वेळ आणि खर्च



'आरोग्य आणि अर्थ' या सदरात मी आजवर फक्त अर्थाच्या बाजूने लिहीत आले. करविवरणपत्र, घरकर्ज, भारतातल्या ठेवी हे माझे विषय, कारण सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. या वेळी आरोग्यावर लिहिण्याचा आग्रह झाला तो माझ्या डोक्यावरचा रुमाल पाहून. दिवाळीच्या कार्यक्रमात चार-पाच जणींनी हळूच विचारले, "केमो चालू आहे का हो?" नाही, कर्करोग नाही. पण जे आहे त्याच्याविषयी आपल्या घरांत कुणाला काही ठाऊक नसते. मलाही नव्हते, आणि त्या अज्ञानापायी माझे तळहाताएवढ्या जागेवरचे केस कायमचे गेले. मी डॉक्टर नाही. दोन वर्षे उपचार घेताना जे विचारले, वाचले आणि भोगले ते लिहिते आहे. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

तीन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात आरतीच्या वेळी कुणीतरी जिन्यावरून फोटो काढला. घरी गेल्यावर लेक म्हणाली, "आई, तुझ्या टाळूवर हे काय आहे?" रुपयाएवढा चकचकीत गुळगुळीत चट्टा होता. त्याआधी सहा महिने तिथे खाज सुटत होती, कधी जळजळ, आणि केस विंचरताना ती जागा दुखायची. मी कोंडा समजून खोबरेल तेलात माका उकळून लावत होते. सांगलीहून आईने पाठवलेली कृती होती, तिला दोष नाही.

आमच्या हाउसआर्त्सकडे गेले. दहा मिनिटांची भेट. त्यांनी लांबूनच पाहिले आणि म्हणाले, वय, पाळी जाण्याचा काळ, लोह कमी असेल, सहा महिने वाट पाहा. रक्त तपासले, लोह जरा कमी निघाले, गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांनी चट्टा दुप्पट. पुन्हा थांबा. फोटो दिसल्यापासून बायॉप्सी होईपर्यंत चौदा महिने गेले.

केस गळण्याचे प्रकार अनेक, पण आपल्याला एकच भेद पक्का कळायला हवा. बाळंतपणानंतर, टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर, लोह किंवा थायरॉइड बिघडल्यावर केस गळतात तेव्हा मूळ जिवंत असते. चाई पडते तेव्हाही शरीराची संरक्षक यंत्रणा केसाच्या तळाच्या कंदावर हल्ला करते, पण मूळ मरत नाही, म्हणून चाईतले केस पुष्कळदा परत येतात. वण पाडणाऱ्या केसगळतीत, जिला डॉक्टर सिकॅट्रिशियल अलोपेशिया म्हणतात, सूज वरच्या भागात, तेलग्रंथीच्या जवळ येते. तिथेच नवा केस तयार करणाऱ्या मूळपेशी राहतात. त्या मेल्या की जागा वणाच्या तंतूंनी भरून जाते आणि त्वचेवरची छिद्रेच नाहीशी होतात. गवत कापले तर पुन्हा उगवते, जमिनीवर सिमेंट ओतले तर उगवत नाही. म्हणून या आजारातले सगळे उपचार उरलेले केस वाचवण्यासाठी असतात. गेलेले परत आणतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

माझ्या आजाराचे नाव लायकेन प्लॅनोपायलारिस. त्याचीच एक बहीण म्हणजे फ्रंटल फायब्रोसिंग अलोपेशिया. यात कपाळावरची केसांची रेषा मागे मागे सरकते, भुवया विरळ होतात. सिडनीच्या स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ मध्ये पाळी गेलेल्या सहा बायकांवरून तिचे प्रथम वर्णन केले. आता ती जगभर दिसते, तरुण बायकांत आणि पुरुषांतही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या बायकांत त्याआधी कपाळावर आणि गालांवर करडे-तपकिरी डाग येऊ शकतात, आणि आपण ते 'वांग आलेत' म्हणून सोडून देतो. डिस्कॉइड ल्युपसमध्ये खवल्यांचे चट्टे पडतात, मध्ये रंग उडतो, कडेला काळपट होतो, आणि ऊन लागले की चिघळतो. फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हन्समध्ये पुवाच्या पुळ्या येतात आणि एकाच छिद्रातून ब्रशासारखे केसांचे झुबके निघतात. हा पुरुषांत जास्त.

आणखी एक गोष्ट. डच पुस्तकांत 'लालसरपणा' लिहिलेला असतो. आपल्या डोक्यावर तो लाल दिसत नाही, जांभळट किंवा नुसता काळपट दिसतो. गोऱ्या कातडीवर शिकलेल्या नजरेतून तो निसटतो. माझ्या बाबतीत तेच झाले असावे असे मला वाटते. म्हणून हाउसआर्त्सकडे जाताना दुहेरी वेळ मागा, जवळून काढलेले तारखेचे फोटो न्या, आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा : चट्टा वाढतो आहे, तिथे खाज किंवा आग होते, आणि कातडी गुळगुळीत होऊन छिद्रे दिसत नाहीत. "वण पाडणारी केसगळती असू शकेल का?" हा प्रश्न सरळ विचारा. आपल्याला डॉक्टरांना असे विचारण्याची सवय नाही, उद्धटपणा वाटतो. इथे तो उद्धटपणा धरत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्याचे पत्र मिळाले की अर्धे काम झाले. शंका राहिली तर दुसरे मत घेता येते, तेही पत्राने.

बायॉप्सीला मी घाबरले होते. जागा बधिर करून चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात, एक-दोन टाके घालतात. तुकडा टकलाच्या मधून घेत नाहीत, कडेच्या, अजून केस असलेल्या पण बाधित भागातून घेतात, कारण मध्ये फक्त वण उरलेला असतो. पुष्कळदा दोन तुकडे घेतात, एक उभा कापायला, एक आडवा. त्या जागी आधी काही मलम लावले असेल तर न लाजता सांगा.

हे मुद्दाम लिहिते, कारण पुण्या-मुंबईहून येताना आपल्या बॅगांत स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र केलेली मलमे हमखास असतात. भारतात २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइडे असलेली मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम झाला, तरी ती दुकानात सहज मिळतात. अशा मलमाने खाज थांबते, खरा आजार झाकला जातो, आणि तो नायटा असेल तर खालून पसरतो. लहान मुलांच्या डोक्यात खवले, पू किंवा तुटके केस दिसले तर हे मलम अजिबात लावू नका. डोक्यातल्या नायट्याला पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात, आणि सुजलेला गळवासारखा नायटा वेळेत बरा केला नाही तर तिथेही वण राहतो.

आता उपचार. आजार कोणता, किती जोरात आहे, आणि माणसाचे वय काय, यावर क्रम ठरतो.

लायकेन प्लॅनोपायलारिसमध्ये सुरुवात बहुधा क्लोबेटासॉलसारख्या तीव्र स्टेरॉइडच्या पाण्यासारख्या औषधाने होते. केस बाजूला करून ते कातडीवर लावायचे, केसांवर नाही. मी पहिले दोन महिने केसांनाच लावत होते, शेवटी परिचारिकेने करून दाखवले. जोडीला चट्ट्याच्या कडेने ट्रायामसिनोलोनची बारीक इंजेक्शने, दर चार ते आठ आठवड्यांनी. झोंबतात, पण सोसवतात. जास्त झाली तर कातडी पातळ होऊन खळगा पडतो. तो पुढे भरूनही येतो, पण त्यालाच आजार समजून घाबरू नये.

पोटात घ्यायच्या औषधांत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सूज कमी करण्यासाठी वापरतात. भरपूर पाण्याबरोबर घ्यावे, घेऊन लगेच आडवे होऊ नये आणि उन्हात जपावे. मला चाळीस दिवसांत छातीत जळजळ सुरू झाली म्हणून ते बंद करून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिले. डिस्कॉइड ल्युपसमध्येही हेच मुख्य औषध. हे नाव २०२० च्या करोनाच्या गोंधळात सगळ्यांच्या कानावर गेले. त्या वर्षी जगभर मागणी उसळली आणि ल्युपसच्या रुग्णांना गोळ्या मिळेनाशा झाल्या. आज त्या सहज मिळतात.

या गोळीची कथा मला फार आवडली, कारण तिचे एक मूळ इथल्या मातीत आहे. मलेरियावरचे क्विनाइन सिंकोना झाडाच्या सालीतून निघते. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने बोलिव्हियातून मिळवलेले उत्तम जातीचे बी डच सरकारने १८६५ मध्ये घेतले आणि जावा बेटावर लावले. दुसऱ्या महायुद्धाआधी जगातल्या बहुतेक क्विनाइनचा व्यापार डचांच्या हाती होता आणि त्याची सूत्रे ॲमस्टरडॅममधून हलत. १९४२ मध्ये जपानने जावा घेतले आणि साल बंद झाली. दोस्त सैन्याला मेपाक्रिन ही कारखान्यात बनवलेली पिवळी गोळी खावी लागली. १९५१ मध्ये फ्रान्सिस पेज यांनी लॅन्सेट मासिकात लिहिले की याच मेपाक्रिनने ल्युपसचे चट्टे सुधारतात. त्यातून पुढे अधिक सौम्य हायड्रॉक्सिक्लोरोक्विन त्वचेसाठी वापरात आले. अमेरिकेत त्याला १९५५ मध्ये परवानगी मिळाली. मुंबईच्या इप्का कंपनीसह भारतातले कारखाने आज ते मोठ्या प्रमाणावर बनवतात. म्हणजे जावा, ॲमस्टरडॅम आणि मुंबई अशी फेरी मारून ती गोळी माझ्या डबीत आली.

तिचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. या काळात पुष्कळ जणी 'काही होत नाही' म्हणून सोडतात. मात्रा शरीराच्या वजनावर ठरते, दिवसाला किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या आत, कारण वर्षानुवर्षे जास्त मात्रेने डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते. म्हणून पहिल्या वर्षात डोळ्यांची एक तपासणी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्याआधीपासूनच. नेहमीच्या चष्म्याच्या दुकानातली तपासणी यासाठी पुरत नाही. धूम्रपानाने ल्युपसमध्ये या गोळीचा उपयोग कमी होतो असे दिसले आहे.

एवढ्याने आजार थांबला नाही तर मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आहेत. त्यांना नियमित रक्ततपासणी लागते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की या आजारात केसाच्या मुळातला चरबी हाताळणारा एक नियामक मंदावलेला असतो. त्यावरून मधुमेहाची पायोग्लिटाझोन ही गोळी वापरून पाहिली गेली. काहींना फायदा झाला, पण हृदय अशक्त असलेल्यांना ती चालत नाही. कपाळाची रेषा सरकणाऱ्या प्रकारात फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड देतात. पुळ्यांच्या प्रकारात क्लिंडामायसिन आणि रिफाम्पिसिन एकत्र, सुमारे दहा आठवडे (लघवी नारिंगी होते, घाबरू नये). मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड आणि आयसोट्रेटिनॉइन ही गर्भाला घातक आहेत. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या लेकीसुनांनी हे पहिल्याच भेटीत बोलावे, लाजू नये.

चाईसाठी २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब या गोळीला युरोपात मान्यता मिळाली, तेव्हा मला भारतातून तीन कात्रणे आली. ती मान्यता चाईची आहे. वणाच्या आजारात त्या जातीच्या औषधांचे प्रयोग चालू आहेत, पण तो नेहमीचा उपचार नाही. मिनॉक्सिडिलने उरलेले केस जाड होतात, आजार थांबत नाही. आणि तेल? माका, जास्वंद, वडाच्या पारंब्या, कांद्याचा रस, यांपैकी काहीही मेलेल्या मुळातून केस आणत नाही. वेळ मात्र जातो, आणि आपल्याकडे तोच नसतो.

केसरोपणाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथे मी पैसे घालवता घालवता वाचले. आमच्या ह्यांच्या एका सहकाऱ्याने इस्तंबूलला जाऊन केस लावून आणले आणि छान दिसतात. आम्हीही चौकशी केली. विमान, हॉटेल, सगळे मिळून एक आकडा आला आणि आगाऊ रक्कम भरण्याची तयारी झाली. त्यांनी फोटो पाहून लगेच हो म्हटले, बायॉप्सीचा अहवाल मागितलाही नाही. माझ्या त्वचारोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "आग चालू असलेल्या घरात नवे फर्निचर लावणार का?" आजार किमान एक-दोन वर्षे पूर्ण शांत असल्याशिवाय रोपण करत नाहीत. नंतरही वणाच्या कातडीत रक्तपुरवठा कमी असल्याने सगळी रोपे धरत नाहीत आणि आजार पुन्हा उठून लावलेले केस नेऊ शकतो. क्वचित रोपणानंतरच हा आजार प्रथम दिसल्याचीही नोंद आहे. साध्या पुरुषी टकलाला जो उपाय चालतो तो इथे तसाच चालत नाही.

आता माझा खरा विषय, पैसा. हाउसआर्त्सची भेट आयखन रिसिकोतून, म्हणजे विम्याआधी आपण भरायच्या सक्तीच्या वाट्यातून, कापली जात नाही. पण त्यांनी लिहून दिलेल्या रक्ततपासण्या, औषधे आणि रुग्णालयाचा खर्च कापला जातो. २०१६ पासून २०२६ पर्यंत हा वाटा वर्षाला ३८५ युरो राहिला आहे. अठरा वर्षांखालच्यांना तो नाही. रुग्णालयातला उपचार ज्या वर्षी सुरू झाला त्या वर्षाच्या खात्यात धरतात. माझी पहिली भेट ऑक्टोबरअखेर, बायॉप्सी नोव्हेंबरात, अहवाल डिसेंबरात, सगळे एका वर्षात गेले. गोळ्या मात्र दुकानातून ज्या दिवशी घेतल्या त्या तारखेच्या वर्षात, म्हणून जानेवारीत मीटर नव्याने सुरू झाले. 'नव्या वर्षात जाऊ' असा हिशेब या आजारात करू नका. दोन महिन्यांत गेलेली मुळे ३८५ युरोंत परत येत नाहीत. रक्कम हप्त्यांनी भरता येते, विमा कंपनीला आधी विचारा. हा सक्तीचा वाटा करविवरणात वजा करता येत नाही, दरवर्षी कुणीतरी लिहून आणते म्हणून सांगते.

कृत्रिम केसांसाठी मूळ विम्यातून मदत मिळते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. वैद्यकीय कारणाने पूर्ण किंवा अर्धवट केस गेले असतील तर टोप, ज्याला इकडे हारवेर्क म्हणतात, किंवा डोक्यावरचे खास वस्त्र यासाठी ठरावीक कमाल रक्कम मिळते. ती दरवर्षी बदलते. सामान्य पुरुषी टकलाला मिळत नाही. डॉक्टरांचे पत्र हवे, त्यात आजाराचे नाव हवे, नुसते 'केस गळतात' चालत नाही. माझे पहिले पत्र याच कारणाने परत आले. दुकान विमा कंपनीशी करार असलेले आहे ना, हे टोप मागवण्याआधी विचारा. इथेही आयखन रिसिको लागू आहे, आणि माणसाच्या केसांचा टोप हजार युरोंच्या पुढे सहज जातो, म्हणजे वरची रक्कम आपली. पूरक विमा काही भाग देतो, पण तो डिसेंबरात बदलताना अटी वाचा. दुकानदाराने मला अभिमानाने सांगितले, "हे भारतीय केस आहेत." तिरुपतीला वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते आणि ते परदेशी जातात, हे मला माहीत होते. आमच्या आजीच्या गंगावनाची आठवण झाली आणि हसू आले. शेवटी मी टोप घेतला नाही, रुमालच बरा वाटतो. पण लेकीच्या लग्नात कदाचित घेईन.

मुलींच्या आयांसाठी एक शेवटचा मुद्दा. घट्ट वेणी, भरतनाट्यमचा ताणून बांधलेला अंबाडा, वर जड गजरा, हे रोज झाले की कानशिलाजवळचे केस ओढून निघतात. सुरुवातीला सैल बांधले की परत येतात, वर्षानुवर्षे ओढले तर तिथेही वणच उरतो. मुलगी 'दुखतंय' म्हणाली तर सोडा.

माझा चट्टा गेले अकरा महिने वाढलेला नाही. जळजळ थांबली आहे. आम्ही दर तीन महिन्यांनी न्हाणीघरातल्या त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून फोटो काढतो. आमचे हे त्यावर तारीख घालतात आणि डॉक्टर ते आरशापेक्षा जास्त मानतात. विमा कंपनीला पाठवायच्या पत्राचा नमुना आणि हाउसआर्त्सकडे न्यायच्या प्रश्नांचा डच कागद मी तयार केला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी मंडळाच्या ग्रंथालयाच्या दिवशी मागावा, मी चहाच्या टेबलापाशी असते. रुमालावरून ओळखता येईल.